तीन पायांचं गाढव

मंगळवार, ९ मे
उद्या बडबडीची शाळा बघायला जायचं. अकरा वर्षं आम्ही एकाच शाळेत शिकवलं, वर्ग शेजारी, डबा एकत्र. मग लग्न होऊन ती परदेशी आली, इथल्याच एका खेड्यात शिकवू लागली. मी लेकीकडे आल्यापासून मागे लागली आहे — दोनच खोल्या आहेत, पण येच!

बुधवार, १०
आल्या आल्या लिहायला बसले.

सतरा मुलं, बुटकी बाकं, खिडकीत वाळत घातलेले ओले मोजे. बडबडी गळ्यात पडली. दुसऱ्या खोलीत गेले आणि भिंतीवर — माझं गाढव! चष्मा लावलेलं, तीन पायांचं. चौथा पाय मला कधी जमलाच नाही. 'तो मागे लपलाय' असं मी वर्गात सांगायचे. शेजारी माझी गोगलगाय, माझा शिंकणारा हत्ती.

अक्षरं उलटी वाचणाऱ्या मुलांसाठी चार वर्षं खपून केलेली चित्रांची वही. आमच्या तिकडच्या शाळेच्या कपाटातून नाहीशी झालेली. इथे पानोपानी भिंतीवर! अक्षरं तेवढी इथली.

मुख्याध्यापिका कौतुकाने सांगत होत्या, लेक मराठीत समजावत होती. हे सगळं बाईंच्या स्वतःच्या डोक्यातलं, म्हणे. बक्षीसही मिळालंय. बडबडी खाली वाकून खडूचे तुकडे गोळा करत होती. जन्मात पहिल्यांदा गप्प.

आणि मी? 'छान आहे' म्हणाले. नेभळट!

गुरुवार, ११
लेक म्हणते, जाऊन भांड.

शुक्रवार, १२
गेले. मुलं सुटली होती. बुटक्या बाकावर समोरासमोर बसलो, गुडघे हनुवटीला.

आधी म्हणाली, सामानात चुकून आली. मग परत का नाही पाठवलीस, विचारलं. बराच वेळ टेबल पुसत राहिली.

"इथे आले तेव्हा माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं गं. एकदा 'माझी' म्हणाले, मग मागे फिरता येईना."

"मागितली असतीस तर मी स्वतः बांधून दिली असती."

ती रडली. मी नाही. केसाने गळा कापला, तोही माझ्याच डब्यातलं जेवून!

सोमवारी मुख्याध्यापिकांना खरं सांगते म्हणाली. वही काढून दिली. घेतली आणि निघाले.

शनिवार, १३
वही दहादा उघडली. राग तसाच.

रविवार, १४
चहा पिताना एकदम आठवलं. कप खाली ठेवला.

वही गेली तेव्हा कपाटाची किल्ली शिपाई मावशींकडे असायची. त्यांनीच रद्दीत घातली, असं मी लेखी दिलं होतं. मावशी स्वतःच्या मुलांच्या शपथा घेत होत्या. त्यांना कामावरून काढलं. बडबडी माझ्या शेजारीच उभी होती, पण सही माझी होती.

त्या कागदावर मावशींचं पूर्ण नाव मीच लिहिलं होतं. सकाळपासून ते आठवून बघतेय. आठवत नाही.