पुस्तकाबाहेरचं

८ सप्टेंबर
किळस आली! हेमकांतने मुलांसाठीच्या इतिहासाच्या पुस्तकाचा मजकूर तपासायला पाठवला. माझा जुना विद्यार्थी, आता नंदुरबारला प्रकाशक. सातपुड्यातली १८५८ ची लढाई — अर्धं पान. ‘इंग्रजांनी भिल्लांचा उठाव शांत केला.’ शांत! पकडलेल्या माणसांना झाडांना बांधून गोळ्या घातल्या. निवृत्तीनंतर पाड्यापाड्यांवर ऐकत आलोय मी. वर चित्र — गुबगुबीत गालांचे हसरे शिपाई. खाली ‘रिकाम्या जागा भरा’.

९ सप्टेंबर
फोन केला. म्हणतो, ‘‘सर, पोरे घाबरी जातीन. आनि लेखी पुरावा शे का तुमनाजवळ?’’ घाबरतील! विजयाच्या पानांवर मुंडकी उडतात तेव्हा नाही घाबरत? पण पुरावा मागायची सवय मीच लावली त्याला. सोळा तारखेला छपाई.

१२ सप्टेंबर
वाचनालयात दोन दिवस घालवले. जुन्या सरकारी नोंदींत जिथे तिथे एकच शब्द — बंदोबस्त. लिहिणारे कोण, तर साहेबच! चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या.

१३ सप्टेंबर
शहाद्याहून पहाटेच निघालो, धडगावच्या वर डोंगरसिंगच्या पाड्यावर गेलो. हाही माझाच विद्यार्थी, अठ्ठ्याऐंशी सालचा. घरात नवाई होती. पूर्वजांना नवं धान्य ठेवताना त्याची आई रेवाबाई एकेक नाव घेत होती. अकरा नावं. सगळे त्या लढाईत बांधून मारलेले. एवढी वर्षं झाली, बाई एकदाही अडखळली नाही.
मी विचारलं, ‘‘हे कुठे लिहिलेलं आहे का रे?’’
डोंगरसिंग म्हणाला, ‘‘आहे सर. एकदाच लिहिलं होतं. शोधून पाठवतो.’’
नाचावंसं वाटलं! हेमकांतला तिथूनच कळवलं — पान थांबव, पुरावा मिळाला.

१५ सप्टेंबर
डोंगरसिंगने एसटीच्या कंडक्टरबरोबर पाकीट पाठवलं. आत त्याची नववीच्या सहामाहीची उत्तरपत्रिका, कडा वाळवीने खाल्लेल्या. प्रश्न चौथा — सातपुड्यातील उठाव कसा शांत झाला? खाली जान्यापासून भिलापर्यंत तीच अकरा नावं, वळणदार अक्षरात. सगळ्यांवरून लाल रेघ. समासात शून्य, आणि ‘पुस्तकाबाहेरचे लिहू नये.’
सही माझी.
इतके दिवस किळस कुणाची करत होतो मी! हेमकांतला हेच पान दिलं. म्हटलं, लाल रेघेसकट छाप.