दाजींच्या गाडीचे दिवे

मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ सप्टेंबर २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

डॅशबोर्ड उचकटून खाली पोत्यावर ठेवलाय आणि मधेच हात पुसून हे लिहितोय. कागदावर काळी बोटं उमटली तर रागावू नकोस. दाजींच्या गाडीचं जुनं वायरिंग आज सगळं बाहेर आलं. वायरींवरचं कापड हात लावताच पीठ होऊन पडतं. उंदरांनीही आपला वाटा घेतलाय. असल्या वायरिंगवर दाजी ही टू-सीटर गेल्या वर्षापर्यंत पळवत होते. वाडीच्या दत्तानेच सांभाळलं म्हणायचं.

इंग्लंडहून मागवलेलं नवं वायरिंग आलंय. हुबेहूब जुन्यासारखं, कापडी, रंगही तेच. निळ्यावर पांढरा पट्टा म्हणजे मोठा दिवा. जुनं मागे ओढताना मी त्याच्या शेपटाला नाडी बांधली होती. आता त्याच नाडीने नवं आत ओढायचं. नाडी आमच्या सौ. पूर्णिमाच्या परकराची. तिने घर डोक्यावर घेतलंय.

दाजींचे डोळे कसे आहेत? फोनवर तू नुसतं बरं आहे म्हणतेस.

वडिलांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मला एक सविस्तर पत्र.

तुझा
राजवर्धन


राधानगरी
६ सप्टेंबर

चि. राजवर्धनास,
अ. उ. आ.

पत्र केरबाच्या दुधाच्या गाडीतून पाठवतेय. फोनवर खरं सांगता येत नाही. हे शेजारीच बसलेले असतात आणि कान आता फार तिखट झालेत. कागद मात्र त्यांना वाचता येत नाही. यावरून काय ते समज.

काचबिंदूने उजवा डोळा गेलाच. डाव्याने नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उरलंय ते किती टिकेल कुणी सांगू शकत नाही, बघायचं ते बघून घेऊ द्या. मी ह्यांना विचारलं की काय बघायचंय. वाटलं, अंबाबाई म्हणतील. तर म्हणाले की गाडीचे दिवे. गाडी अंगणात लावायची आणि सांजवेळी दोन्ही दिवे समोरच्या भातावर टाकायचे, बास. बायको समोर उभी होती, ती काही आठवली नाही.

पण एक ऐक. सोमवारपासून पितृपंधरवडा लागतोय. त्यात नवीन वस्तू बसवू नकोस. गाडी मुळात मामंजींची. त्यांच्याच पंधरवड्यात तिला नवं नको. घट बसले की काम धर, खंडेनवमीला पूजा करू. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?

पूर्णिमाला म्हणावं, नवी नाडी मी पाठवते. तब्येतीला जप.

तुझी
आक्का


कोल्हापूर
१२ सप्टेंबर

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. खरं तर माझ्या पथ्यावरच पडलं. वायरिंग खोक्यात ठेवून बॉनेटखालचा पत्रा घासून घेतला आणि रंगवला. आता तोंड बघून घ्यावं असा झालाय. अशा गाडीत घाईने काही करू नये.

काल दाजींचा फोन आला होता. तू गोठ्यात असशील. विचारत होते की बॅटरीपासून दिव्यांपर्यंत एक सरळ वायर टाकायला काय हुतंय, टेम्पोत घालून आण, पेटलं की झालं, मग बाकीचं बस की जन्मभर करत. जुनी वायर टाकलीस तर पितरांचंबी काय म्हणणं असायचं न्हाय, असंही वर. मी हसलो. असलं जुगाड त्यांच्या गाडीत मी करणार नाही, असं सांगितलं. ते मग पाऊस किती झाला ते सांगत बसले.

खंडेनवमीला गाडी नवरीसारखी उभी करतो. तोवर तुझा लोभ आणि दाजींचा दम, दोन्ही पोचू देत.

राजवर्धन


राधानगरी
१९ सप्टेंबर

चि. राजवर्धनास,
अ. उ. आ.

काल सकाळी ह्यांनी आरशाकडे पाठ करून दाढी केली. मी दारात उभी होते. कुठे कापलं नाही, साबणही राहिला नाही. तोंड धुऊन नेहमीसारखे चहाला येऊन बसले.

विचारल्यावर म्हणाले की बुधवारपासून डावाबी गेला. मला का सांगितलं नाही म्हटलं, तर म्हणाले की तुला सांगितलं असतं म्हणून पंधरवडा लवकर सरणार होता काय. रागाने नाही म्हणाले.

लगेच डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्यांनी काही लपवलं नाही.

मामंजी असते तर त्यांनी स्वतःच्या हाताने ती वायर जोडून दिली असती. हे मला आज सुचतंय.

केरबा थांबलाय, म्हणून पुरे करते.

आक्का


कोल्हापूर
२० सप्टेंबर

आक्का,
नमस्कार.

एक वायर, दोन टोकं. चहा निवायच्या आत झालं असतं. मी पत्रा रंगवत बसलो.

नवं वायरिंग आज आत ओढतोय. पंधरवडा असू दे. पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येतो. नको असेल तर केरबाकडे निरोप दे. मी समजेन.

राजवर्धन


राधानगरी
२८ सप्टेंबर

चि. राजवर्धनास,
अ. उ. आ.

काल ह्यांनी तुझ्यादेखत गाडीला हात लावला नाही, म्हणून तू तोंड पाडून एस.टी.ला गेलास. तू वळणाआड गेल्यावर मला म्हणाले की चल.

दिवेलागणीला मी त्यांना धरून नेलं. बटण त्यांनीच ओढलं. मग पुढे येऊन दोन्ही दिव्यांच्या काचांवर एकेक तळवा ठेवून उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले की डावा गार हाय. त्यानं अर्थिंगची वायर रंगावरच आवळलीया, करंट पोचत न्हाय, रंग खरवडून उघड्या पत्र्याला लावायला सांग.

मग विचारलं की उजेड कुठवर गेलाय. मी म्हटलं, बांधापर्यंत भात दिसतंय, पलीकडचं नाही. त्यावर म्हणाले की पलीकडचं कधीच दिसत न्हवतं.

तुला किंवा मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दिवे मालवा म्हणायचं माझ्याकडून झालं नाही, आणि त्यांनीही मालवले नाहीत.

तू येत राहा. काम नसलं तरी ये.

तुझी
आक्का

ता. क. आज सकाळी बॅटरी उतरली होती. केरबाने आणि मी गाडी ढकलत छपराखाली नेली. हे स्टिअरिंगवर बसले होते. डावं-उजवं मी सांगत होते.