पितराला शोधताना तीन गुत्ते

नाना, तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, मी जळगावातल्या तीन गुत्त्यांवर जाऊन आलो, आणि तेही तुमच्याच कामासाठी. हसू नका. तुमची पहिली घागर भरायची होती. माय पहाटेच उठून सांजोऱ्या तळून बसली होती, तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता तिनं. तुमच्या जागी पाटावर बसून जेवायला पितर म्हणून तिनं आबांना सांगून ठेवलं होतं. जिनमध्ये ज्यांच्यासमोर उभं राहून तुम्ही बारा वर्षं कापसाच्या गाठी बांधल्या, तेच आबा. पितर जेवल्याशिवाय घरात कोणी घास घेत नाही, आणि पितर आपल्या पायांनी येत नाही, त्याला मुलानंच आणायचं. आता मुलगा कोण, तर तीन वर्षं गावोगाव भटकून तुमच्या सरणापाशीसुद्धा न पोचलेला मी. माय म्हणाली, "एवढं एक तरी धड कर. सरळ जा, सरळ ये." सरळ जाणं मला कधी जमलंय?

आबा घरी नव्हते. त्यांची बायको म्हणाली, "असतील कुठल्या तरी गुत्त्यावर. दुसरं कुठं जातात?" मी तिथूनच परत येऊन मायला सांगायला हवं होतं. पण कोपऱ्यावर माझे दोन दोस्त भेटले. एक टांगेवाला. दुसरा रावेरकडचा, केळीच्या गाड्या घेऊन आलेला आणि आखाजीचा जुगार खेळायला मागं राहिलेला. "पितर हरवला?" टांगेवाला म्हणाला. "बस. घोड्याला सगळे गुत्ते पाठ आहेत." आणि खरंच होते. त्या घोड्याबद्दल कधी तरी निराळं लिहायला पाहिजे, एका डोळ्यानं आंधळा होता पण वळण चुकत नसे. असो.

पहिला गुत्ता स्टेशनामागचा. दारात दोन खादीवाले हात जोडून उभे. "भाऊ, आज सणाचा दिवस. नका जाऊ आत."

"आमचा पितर आत आहे," रावेरवाला म्हणाला.

"पितर? दारूच्या दुकानात?"

"मग काय, तुमचे काय देवळात बसतात?"

खादीवाल्यांनाही हसू आलं. आत आबा नव्हते. पण गुत्त्यावर जाऊन नुसती चौकशी करता येत नाही, नवटाक घ्यावंच लागतं. रावेरवाल्यानं आधी चार थेंब जमिनीवर शिंपडले, "नानांच्या नावानं." गल्ल्यावरचा म्हातारा एकदम म्हणाला, "त्याच्या नावानं? अरे, तो तर..." आणि माझ्याकडे बघून पेला पुसायला लागला. दुसरा बैलबाजारातला. तिथल्या मालकानं मला खालपासून वर न्याहाळलं, विचारलं, "तू त्याचा तो का?" आणि न मागता फुटाण्यांची मूठ समोर ठेवली. रावेरवाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "नाना मोठं गिऱ्हाईक होते म्हणायचे!" मीही हसलो. पोटात काही नसताना दोन नवटाक झालं होतं, आणि सूर्य डोक्यावर येत होता. माय उपाशी आहे हे मला आठवत होतं, पण लांबून कुणी सांगितल्यासारखं.

तिसरा मेहरूणच्या वाटेवर, निंबाखाली. तिथे बाकावर आबा बसलेले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, समोर पेला नाही की काही नाही.

"आबा, तुम्ही इथं काय करताय?"

"तुनीच वाट दखी ऱ्हायनू. सकायपासून उपाशी शे मी."

"पण घरी बसायचं ना! मी तुम्हाला बोलवायला गेलो होतो."

"घरी बसलो असतो तर तू आला असता? तुना नाना मले शिकाडी गया, हा पोऱ्या कोठे सापडस ते."

मग टांग्यात त्यांनी सांगितलं. जिन बंद असली की तुम्ही त्यांना बरोबर घेऊन गुत्त्यामागून गुत्ता धुंडाळायचात. दारात उभं राहून विचारायचात, "मना पोऱ्या दखा का रे कोणी?" काही न घेता कुणी उभं करत नसे, म्हणून नवटाक घ्यायचात आणि आबांपुढे सरकवायचात. "तुना पायी मी पेणारा व्हयनू," आबा म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. टांगेवाला हसला नाही. रावेरवाला खाली उतरून घोड्याबरोबर चालू लागला.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. माय उंबऱ्यात उभी. तिला लांबूनच वास आला. "पितर कोरडा आणि पोरगा ओला," ती म्हणाली. "उलटंच घर माझं." मी मागं सरलो. तशा तोंडानं तुमच्या घागरीला हात कसा लावायचा? आबांनी परातीत पाय ठेवले आणि म्हणाले, "पानी वत रे. हात तुनाच लागी." मी पाणी ओतलं.

आबा जेवले. तुम्हाला आठवत असेल, आपल्यात पितराचा हात धुऊन होईपर्यंत पाटावर बसलेला माणूस तो माणूस नसतो. मायनं पदर पुढे ओढला, तुम्हाला म्हणायची तसंच म्हणाली, "रस घ्या ना अजून." मग माझ्याकडे वळली. "काही सांगायचं असलं तर सांग. हात धुतला की गेले ते."

मी तोंड उघडलं. म्हणालो, "अजून एक सांजोरी घ्या." तुम्ही घेतलीत. मग हात धुतलात.

आज पुन्हा आखाजी आहे. मी चाळीसगावला एका धर्मशाळेच्या ओट्यावर बसून हे लिहितोय. माय नाही, आबाही नाहीत. हा कागद कुणाच्या हाती द्यायचा ते मला माहीत नाही, तेव्हा तो माझ्याच खिशात राहील. तेव्हा पाटासमोर बोलायचं होतं ते एवढंच. घर सोडल्यावर दुसऱ्या वर्षी मी धुळ्यात, पांझरेच्या काठावरच्या ताडीच्या दुकानात बसलो होतो आणि तुम्ही दारात आलात. टोपी हातात, मालकाशी हळू आवाजात काही बोलत होतात. मला ऐकू आलं नाही. मला वाटलं, अच्छा, नानाही घरापासून लांब येऊन पितात तर. मला बरं वाटलं, नाना. मी मागच्या दारानं नदीकडे निघून गेलो, आणि पुढे वर्षभर ज्याच्या ज्याच्याबरोबर बसलो त्याला त्याला ही गोष्ट हसत हसत सांगितली.