गाडी पिकअप घेत नाही

१८ नोव्हेंबर

आज मला उसाच्या ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं! मागं दोन ट्रॉल्या गच्च भरलेल्या, वर टेप दणाणतोय, आणि तेही चढावर! ट्रॅक्टर केरबाचा. शाळेपासूनचा मित्र. माझ्या बरोबरीला आला तसा वरनं वाकून ओरडला, "नाथाजी, ढकलू काय रं मागनं?"

आयुष्य फौजेच्या गाड्या चालवण्यात गेलं. बर्फात चालवल्या, दरडीखालून काढल्या. आणि आज रहिमतपूरच्या रस्त्यावर ऊस पुढं गेला.

शिवतेजनं — पोरगाही फौजेतच, सध्या आसामात — पैसे घातले आणि गुढीपाडव्याला ही गाडी घेतली. पांढरी, उंच, रुबाबदार. शोरूममधला पोरगा म्हणाला, लहान आहे पण एसयूव्हीच आहे सर. घेतली तेव्हा बरी पळायची. श्रावणापासून तिला काय झालंय कळत नाही. ॲक्सिलेटर दाबावा तर आधी विचार करते. मग सुस्कारा सोडते. मग मनात आलं तर निघते.

एरवी चालवून घेतलं असतं. पण उत्कर्षा येणार आहे. आमची लेक, सांगलीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. तिला आणणार मी, आणि वेळ आली की साताऱ्याच्या दवाखान्यात पोचवणारही मीच, माझ्या गाडीतून. हे मी गावभर सांगून बसलोय!

२० नोव्हेंबर

सूरजच्या गॅरेजात गेलो. त्याला शेजारी बसवून गाडी काढली.

"दाबा की काका."

"दाबलाय."

"आजून दाबा."

"अरे दाबलाय म्हणतोय ना!"

त्यानं कान लावून इंजिन ऐकलं. आवाज तर बरा येतोय म्हणाला. मग, "माझ्याकडं द्या जरा, एक चक्कर मारून येतो." साफ नाही म्हटलं. फौजेत गाडी ज्याच्या सहीवर, हात त्याचाच. तिचा ओरखडा तो त्याचा ओरखडा. मी कमांडरलासुद्धा स्टिअरिंग दिलं नव्हतं, तर सूरजला देतो!

बिचाऱ्यानं एअर फिल्टर साफ करून दिला. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मीच पाजला.

संध्याकाळी बूट काढला तर आतनं गॅरेजातला एक नट निघाला. दिवसभर आत! टोचला कसा नाही? फौजी कँटीनचा बूट आहे, मजबूत माल.

२१ नोव्हेंबर

फिल्टरनं काडीचा फरक नाही.

२४ नोव्हेंबर

पाराजवळ विषय काढला ही चूक झाली. प्रत्येकाकडे औषध. एक म्हणाला पेट्रोल पंप बदल. दुसरा म्हणाला एसी बंद ठेव. तिसरा म्हणाला तीन सिलेंडरचं इंजिन म्हणजे तीन पायांचा बैल. केरबा म्हणाला, "लय चांगली गाडी हाय. तिला फकस्त उतार लागतो."

घरी आलो तर बायकोनं, बनूनं, मीठ-मिरची घेऊन गाडीची दृष्ट काढायला सुरुवात केलेली. चारी चाकांवरून उतरवली. मी हसलो. मग चक्कर मारली, तर गाडी खरंच बरी पळाली! परत येताना पुन्हा तेच. बनूचं म्हणणं, जाताना उतार होता. नवऱ्याला जिंकू द्यायचं नाही म्हणून बाई स्वतः काढलेल्या दृष्टीवरसुद्धा पाणी ओतते.

१ डिसेंबर

उत्कर्षाला घेऊन आलो. सातव्यातच आणणार होतो, पण तिच्या सासरी डोहाळजेवणाची हौस भागायची होती.

जाताना मी आणि बनू. कऱ्हाडपासून पुढं मागच्या एसटीनं हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. बनू म्हणाली, "आवं, त्येला जाऊ द्या." मी म्हटलं, अडवलंय कुठं, तो जातच नाही. मग तो गेला. मग टेम्पो गेला. मग टोपल्यांत कोंबड्या बांधलेली मोटारसायकल गेली. कोंबड्यांनी मागं वळून बघितलं.

सांगलीला जेवणं झाली. जावई कुपवाडला कारखान्यात आहेत, वीरधवलराव. मोठा गोड माणूस. म्हणाले, "मामा, दमला असाल. मी चालवत पोचवतो, उद्या एसटीनं परत येईन." मी म्हटलं, गाडी फक्त मलाच ओळखते. ते हसले. चांगल्या घरात दिली पोरगी.

येताना उत्कर्षा मागं पाय पसरून बसलेली. अर्ध्या वाटेत म्हणाली, "आबा, घाई नाही हं, बाळाला अजून दीड महिना हाय."

घरी उतरलो तर माझ्या पायात एकच चप्पल. डावी. उजवी बहुतेक सांगलीतच गळाली, गाडीत चढताना. बनूनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "लेक आणायला गेलं आन चप्पल आंदण दिऊन आलं!"

६ डिसेंबर

साताऱ्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. पोरानं गाडीला वायर जोडली, कॉम्प्युटर बघितला, म्हणाला सर, गाडी एकदम ओके आहे. मी म्हटलं मग बिघडलंय कोण? चालवून बघतो म्हणाला. नाही म्हटलं. तो वैतागला. मीही वैतागलो. गाडी तेवढी धुऊन मिळाली.

१४ डिसेंबर

आज घरात तोंडातोंडी झाली. रेश्मा — शिवतेजची बायको, आमची सून — म्हणाली, "आबा, चावी एकदा माझ्याकडे द्या ना. बघू तरी." तिनं लग्नाआधीच लायसन काढलंय. मी फौजेचा नियम सांगितला. तिच्या वतीनं बनू बोलली! "ही फौज न्हाई, रहिमतपूर हाय. आन कमांडर मी हाय." हा मुद्दा तसा बरोबर आहे, पण चावी दिली नाही.

संध्याकाळी पाय जड वाटले म्हणून बनूनं शेकायला बादलीत कढत पाणी आणून ठेवलं आणि गार पाणी आणायला वळली. परत आली, विसण घालण्याआधी बोट घातलं आणि किंचाळली. मी तोवर दोन्ही पाय घालून पेपर वाचत बसलेलो. "आवं भाजल की! कळत न्हाई व्हय?" लडाखच्या बर्फात मुरलेला पाय आहे, त्याला रहिमतपूरचं पाणी काय करणार! लाल झालाय थोडा. बनूनं हळद लावली आणि पुन्हा शुगरच्या गोळ्यांवरून सुरू झाली. कवा खाल्ली, कवा विसरला, डॉक्टरकडं कवा जाणार. मी म्हटलं, उसाच्या गावात राहून साखरेला भ्यायचं म्हणजे नदीकाठी राहून पाण्याला भ्यायचं. म्हणाली, नदीत मानसं बुडत्यात.

२३ डिसेंबर

वाईट वाटलं आज. बनूनं गुपचूप केरबाला सांगून ठेवलंय, वेळ आलीच तर तुझी जीप तयार ठेव. केरबानंच सांगितलं, हसत हसत. मला हसू आलं नाही. आयुष्यभर लोकांच्या पोरांना सुखरूप पोचवलं, आणि माझ्या पोरीला पोचवायला केरबाची जीप?

रात्री जेवलो नाही. बनूनं दशमी आणून ठेवली, ती मात्र खाल्ली.

२ जानेवारी

फौजेत कुठलीही मोहीम रिहर्सलशिवाय होत नाही. म्हणून आज रिहर्सल.

उत्कर्षाला घेऊन कशी करणार? म्हणून बनूला घेतली. मागच्या सीटवर, पोटावर पदराखाली उशी. आधी तयार होईना. मग रेश्मा आणि उत्कर्षा हसून हसून लोळायला लागल्या, तशी चेव आला तिला. घरातून निघतानाच कण्हायला सुरुवात. "आई गं! आवं बिगी बिगी!" मी म्हटलं अजून गल्लीतच आहे. म्हणाली, "कळा गल्ली बघून येत न्हाईत."

गावाबाहेरच्या चढावर यायचं तेच झालं. मी जीव खाऊन दाबतोय, गाडी रांगतेय, आणि मागून केरबा. बरोबरीला आला. आत बघितलं. उशी बघितली. ट्रॅक्टर आमच्या चालीनं हळू केला आणि कपाळाला हात लावला. "वैनी! या वयात?"

बनूनं उशी काढून खिडकीतनं फेकली ती त्याच्या तोंडावर. परत आल्यावर सगळ्यांनी तीन तीनदा ऐकली ही गोष्ट. उत्कर्षा पोट धरून हसली, मग म्हणाली, हसवू नका आबा, बाळ आताच व्हायचं.

पण पाठ टेकल्यावर खरं सांगतो, भीती वाटली. त्या चढावर गाडी जवळजवळ थांबलीच होती.

५ जानेवारी

पेट्रोल बदललं. प्लग बदलले. देवालाही नारळ फोडला. गाडी तशीच.

९ जानेवारी

तारखेला आठवडा होता. दुपारी उत्कर्षा भाजी निवडत बसलेली, ती तशीच भिंत धरून उभी राहिली. केरबा जीप घेऊन कऱ्हाडला गेलेला. मी मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं! आता लाज वाटते त्याची.

मागं बनू आणि उत्कर्षा, पुढं शेजारी रेश्मा. तोच चढ. पुढं उसाची ट्रॉली. रस्ता समोरून मोकळा, फक्त बाहेर काढून पुढं जायचं. मी गाडी बाहेर काढली, दाबला, आणि ट्रॉलीच्या बरोबरीनं नुसता सरकत राहिलो. पुढं जाईना, मागं येता येईना. वरून ट्रक दिसायला लागला. उत्कर्षा ओरडली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"आबा, दाबा!"

"दाबलाय गं रेश्मा! फळीला टेकलाय!"

ती खाली वाकली. माझ्या पायाकडे बघितलं. मग म्हणाली, "ब्रेक लावा. मागं घ्या. कडेला घ्या." सुभेदारमेजर गेल्यावर माझ्याशी अशा आवाजात कुणी बोललं नव्हतं. मी घेतली गाडी कडेला. "उतरा आबा." उतरलो आणि तिच्या जागी बसलो.

रेश्मानं साडी खोचली आणि दाबला. देवाशपथ सांगतो, माझं डोकं सीटवर आपटलं. ती ट्रॉली मागं गेली, पुढची एसटी मागं गेली, जी जी मला सोडून गेली होती ती सगळी वाहनं मागं गेली! मी दाराला धरून बसलो. लेक मागं कळा देत होती आणि मला, देवा, गाडीचा राग येत होता. फितूर! दुसऱ्याच्या हातात पळते!

"पाय नुसता ठेवला होता तुम्ही, आबा. दाबला नव्हता," रेश्मा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

दाबला होता. मला माहीत आहे मी दाबला होता.

१० जानेवारी

नात झाली! दोघी सुखरूप. नाक बनूचं, बाकी ठरायचंय.

सकाळी दवाखान्याच्या लांब वऱ्हांड्यात फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. उत्कर्षाच्या खोलीपासून निघालेले! नर्स ओरडत आली, "कुणाचं रक्त हाय हे?" मीही शोधायला लागलो. ठसे बघत बघत गेलो तर ते माझ्याच बाकापाशी आले. चप्पल परत कुठंतरी गळालेली, आणि टाचेत काचेचा तुकडा. नर्सनं चिमट्यानं काढला तेव्हा मी तिला नातीबद्दल सांगत होतो. "दुखत न्हाई काका?" म्हणाली. म्हटलं, आज कशाचं दुखतंय!

ती हसली नाही. माझा पाय हातात धरून शुगर आहे का विचारलं, मग शुगरच्या डॉक्टरांना बोलवायला गेली.

११ जानेवारी

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. सुईनं टोचतो, टोचलं की बोला, म्हणाले. मी वाट बघत पडलो. बराच वेळ गेला. शेवटी म्हटलं, "साहेब, टोचा की आता."

"उजव्या पायाला सगळीकडं टोचून झालं, काका."

चावी रेश्माला दिली. गाडीत काही बिघाड नाही.