ऑर्डरशिवाय कूलर नाही

अकोला,
वैशाखातली टळटळीत दुपार, २००८

दर्यापूर मुक्कामी आमचे एकुलते एक जावईबापू किसनराव यांना धाकटा साळा सूर्यभान याचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकता आले नाही. कंबर लचकली आहे, कारण पुढे येईल.)

इकडे सर्व खुशाल. तिकडे आपला गुडघा, आपली म्हैस आणि आमची माणिकताई (क्रम आपल्याच मागच्या पत्रातला) ठीक असतील, ही आशा. यंदा आंब्याच्या रसाचे बोलावणे उशिरा आले म्हणून आपण रुसला आहात आणि फोनवर माझा आवाज ऐकला की फोन ठेवता. म्हणून हे पत्र दर्यापूरच्या जीपवाल्याच्या हाती देतो आहे. रुसणारच आपण. लग्नात घड्याळ पसंत नाही म्हणून मांडवाबाहेर बाजेवर जे बसलात, तेव्हापासून बावीस वर्षांत आमच्या घरची एकही वस्तू आपण पहिल्या झटक्यात घेतलेली नाही. धोंड्याच्या महिन्यातले ताट हलके निघाले, टोपी घट्ट झाली, रसावर तूप कमी पडले. माणसाने असे पक्के असावे. या गुणाचे मोल मला या महिन्यात जेवढे कळले, तेवढे आधी कधीच कळले नव्हते.

आपल्याला ठाऊकच आहे की मी अब्दुल सत्तार चाचांच्या कूलर कारखान्यात कोठी सांभाळतो. चाचांचा कारभार साधा. दिवाळी झाली की अंगणातल्या लिंबाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "औंदा तपते बरं सूर्यभान. लावा कामाले." मग थंडीभर पत्रे कापले जायचे, रहिमाबी आणि तिच्या बाया जाळ्यांमध्ये गवत भरायच्या, आणि होळीपर्यंत गोदाम छपराला टेकायचे. कारण आपल्या अकोल्यात होळीआधी कूलर घेणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, आणि होळीनंतर सगळ्यांच्या अंगाची एकाच दिवशी लाही होते.

यंदा चाचांचे चिरंजीव शाकीबभाई पुण्याहून व्यवस्थापन शिकून आले आणि येताना एक सॉफ्टवेअर घेऊन आले. त्याचा कायदा असा, की आधी गिऱ्हाइकाची ऑर्डर संगणकात भरायची. तिला नंबर पडतो, त्या नंबरावर कारखान्याला काम निघते, कूलर तयार झाला की त्याच्यावर त्याच गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी चिकटते, आणि मग तो दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. ऑर्डर नाही तर पत्र्याला कात्री नाही. (भूक लागल्याचे लेखी कळवल्याशिवाय पेरणी करायची नाही, असा प्रकार.) चाचा म्हणाले, "बेटा, गर्मी क्या ऑर्डर देके आती है?" शाकीबभाईंनी त्यांना पडद्यावरचे रंगीत चौकोन दाखवले. चाचांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि नमाजाला निघून गेले.

जानेवारीत ऑर्डरी आल्या शून्य. संगणकाने शून्याच्या हिशोबाने काम काढले. गोदामात एक पैसाही अडकला नाही म्हणून शाकीबभाईंचा आनंद पोटात मावेना. रहिमाबीच्या बाया मात्र रोज सकाळी फाटकापाशी येऊन बसायच्या आणि संगणक नाही म्हणाला की भरलेला डबा घेऊन परत जायच्या. खेड्यांवर कापूस दोन वेचण्यांतच आटोपला होता, त्यामुळे शेतातही काम नव्हते. एक दिवस रहिमाबी मला म्हणाली, "भाऊ, तुमच्या त्या मशीनले इचारा ना, होळीपावतर आमी काय खावाचं? गवत?" ते मला ऐकवेना. खरोखर ऐकवेना, जावईबापू.

म्हणून मी एक ऑर्डर भरली. चाळीस कूलर, एकाच गिऱ्हाइकाच्या नावाने. संगणकाने नाव, गाव, फोन सगळे मागितले आणि शाकीबभाईंचा स्वभाव माल पाठवण्याआधी फोन लावून खात्री करण्याचा, म्हणून नाव जिवंत माणसाचे दिले. (कोणाचे ते ओघात येईल.) लगेच काम निघाले. भारनियमनात वीज गेली की संगणक डोळे मिटायचा आणि बाया हाताने भराभर गवत भरायच्या. तेवढा वेळ कारखाना कारखान्यासारखा वाटायचा.

आता पारा शेहेचाळीसवर आहे. फाटकाबाहेर डोक्याला दुपट्टे बांधलेली रांग, आत चाळीस कूलर, आणि संगणक म्हणतो, विक्रीला शिल्लक शून्य. लोकांच्या नजरेस पडू नयेत म्हणून मी एकट्याने ते ओढून ताडपत्रीखाली लपवले (कंबर तिथेच गेली). तरी काल एक म्हातारा आत घुसलाच. "माल नाही म्हनता, मंग हे काय रांजनं झाकून ठेवले काय? घरी बुढी तडफडून रायली ना बे!" मी म्हणालो, "बाबा, ते दुसऱ्याचे हायत." त्यावर त्याने दिलेल्या शिव्या आपल्यासारख्या थोर माणसाला लिहिता येत नाहीत. खुद्द शाकीबभाई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतात, कारण स्वतःच्या खोलीसाठी त्यांनी ऑर्डर भरली नव्हती.

खरे सांगून टाकावे तर माझी नोकरी जाईल. ते एक वेळ चालेल, पण खोट्या ऑर्डरीवर काम केले म्हणून रहिमाबीच्या बायाही जातील आणि त्यांना तर ती ऑर्डर खरीच वाटली होती. सुटकेचे बटन एकच आहे, 'गिऱ्हाइकाने माल नाकारला'. ते शाकीबभाई गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या तोंडून ऐकल्यावरच दाबतात. मग चिठ्ठ्या निघतात आणि माल रांगेसाठी मोकळा होतो.

असो. आपल्याला या कटकटींशी काय देणेघेणे. मन मोकळे करावे म्हणून लिहिले. ताईला नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.

आपला,
सूर्यभान

ता. क. ते गिऱ्हाईक आपण आहात. रागावू नका. (म्हणजे रागवाच, तेच तर हवे आहे.) हा माणूस माल नाकारणारच, अशी खात्री अख्ख्या वऱ्हाडात मी दुसऱ्या कोणाची देऊ शकलो असतो? वर्षातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणून आपला सत्कार करायला शाकीबभाई सोमवारी शाल-श्रीफळ घेऊन दर्यापूरला येत आहेत. आपण फक्त बाजेवर बसावे, तोंड फिरवावे आणि म्हणावे, "पसंत नाही." कारण काहीही द्या. रंग, आवाज, पाय. श्रीफळ मात्र ठेवून घ्यावे.

आणखी एक. नाकारायचे ते एकोणचाळीसच. चाळिसावा ताईचा, तो माझ्या पगारातून कापून घ्यायला सांगतो. ती उन्हाळाभर चुलीपुढे असते आणि तिने बावीस वर्षांत आमच्याकडे काहीच मागितलेले नाही. (घरात कोणी एकानेच मागायचे असते, हे ती जाणून आहे.)

अगदी शेवटचे. पाकीट चिकटवत होतो तोच ताईचा फोन आला. शाकीबभाईंनी आज सकाळीच आपल्याला फोन केला म्हणे, आणि आपण "सासरचाच माल हाय, पाठवा" असे सांगून, सासरच्यांना उशिरा का होईना अक्कल आली म्हणून गल्लीभर पेढे वाटलेत. ताई म्हणते, इतके खूश झालेले तिने आपल्याला लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले. जावईबापू, या दिवसाची आम्ही बावीस वर्षे वाट पाहिली आणि नेमका आजच तो आम्हाला परवडत नाही. रसावर यंदा तूपच घालत नाही, टोपी आणखी एक माप लहान आणतो, बोलवायला मी स्वतः न येता शेजाऱ्याला पाठवतो. पण सोमवारी शाकीबभाई यायच्या आत, हात जोडतो, रुसा.