बिनकुटाचा डबा

आई, तुला सांगाय लाज वाटती, पर माज्या पोरीला तुजा शेंगदाणा चालत न्हाई. एक दाणा खाल्ला तरी व्हट सुजत्यात, घसा आवळतो. तू असतीस तर म्हणली असतीस, "कच्चा आसंल, भाजून दे." भाजून दिला, आई. आनखी सुजली.

तू गेलीस त्याला बारा वरसं झाली. तवा मी चौदाची हुती. कोरेगावच्या वखारीत तू शेंगा फोडायला बसायचीस, ती मला आजबी दिसती. बाया रांगनं बसल्यात, सूप मांडीवर, आन तुजा अंगठा शेंगंच्या नाकावर. टच. दाणा सुपात, टरफल भाईर. सांजच्याला घरी येतीस, पदराची गाठ सोडतीस आन ओंजळभर दाणं माज्या फ्रॉकात वततीस. आपल्या घरात त्योच खाऊ, त्येच औषध, त्येच लाड. एकदा मी दोडक्याच्या भाजीत कूट घालायचं इसरली, तर तू ताट सरकवून म्हणलीस, "ही भाजी हाय का वल्या चिंध्या?" तवापासनं माजा हात कुटाच्या डब्यात आपसूक जातो. लगीन हून तासगावात आली तरी जातोच.

मग पोरगी सात वरसांची झाली आन तिला साखर निघाली. म्हाताऱ्या माणसांची साखर, एवढ्याशा पोरीला. सांगलीच्या डाक्टरांनी सांगितलं, सकाळ-सांज इंजिक्शन, आन खाणं वेळच्या वेळी. शाळंत छोट्या सुट्टीत कायतरी खाल्लंच पायजे, न्हाईतर साखर उतरून पोरगी पडंल. गोड न्हाई, मैदा न्हाई, बिस्कुट न्हाई. आन चक्कर आली तर मातूर लगीच साखर तोंडात टाकायची. सासूबाईंनी समदं ऐकून घितलं आन म्हणल्या, "साखरंचा आजार, आन खिशात साखरंची पुडी. त्यो डाक्टर शिकलाय का न्हाई गं?" इंजिक्शनची बाटली गार ऱ्हावी म्हणून आमी माठाखाली वल्या वाळूत ठिवतो, तर त्या पाव्हण्यांना सांगत्यात, आमच्या माठाखाली दवाखाना हाय. आन तासगाव म्हंजी घरोघर बेदाणा. पोर दिसलं की मूठ पुढं येती. दाण्याला न्हाई म्हणायचं, बेदाण्याला न्हाई म्हणायचं. शेजारीण म्हणली, "मग पोरगी खाती तरी काय, वारं?"

मी घेवड्याचं वाळलं दाणं द्यायचं ठरवलं, आपल्या कोरेगावचं. उकडून फोडणी दिली. कूट घातलं न्हाई, काळजावर दगड ठिवला. बिनकुटाचं कोरडं लागंल म्हणून तेल सढळ हातानं वतलं. तिसऱ्या दिवशी शाळंतनं सांगावा आला. पळत गेली तर पोरगी बाईंच्या खुर्चीवर, व्हट वांग्यावानी. दवाखान्यात नेली, उतरलं. पर बाई लय भ्याल्या हुत्या. म्हणल्या, "आवं, मी चाळीस पोरं बघू का हिच्या एकटीचं तोंड बघू? खायाचं नीट बसंपतूर घरीच ठिवा हिला." घरी ठिवली की पोरगी घरचीच हुती, आई. मी चौथीतनं अशीच दोन म्हयन्यासाठी घरी बसली हुती, ती अजून बसलीया.

दुसऱ्या दिवशी सांगलीची यष्टी धरली. डाक्टरांनी इचारलं, "कूट घातलं होतं?"

"न्हाई."

"तेल कुठलं?"

"साधं."

"साधं म्हणजे कशाचं?"

"तेलाचं, डाक्टरसायेब. घाण्यावरचं."

त्यांनी पेन खाली ठिवलं. मग मला कळलं. शेंगतेल, आई. ते शेंगंचं असतं हे मला जलमापासनं म्हाईत हाय, पर माज्या डोक्यात त्यो शेंगदाणा नव्हताच. ते तेल हुतं. पोरीच्या अंगावर सारख्या गांधी उठायच्या, त्याला आमी पित्त म्हणायचो आन वरनं शेंगतेलातलीच भाजी वाढायचो.

ह्यांनी करडीच्या तेलाचा डबा सायकलीला बांधून आणला. मला वाटलं आता सासूबाई घर डोक्यावर घेणार. त्यांनी राख घितली, कढया घासल्या, शेंगतेल शेजारणीला दिऊन टाकलं. म्हणल्या, "पोरगी शाळंत जात आसंल तर मी एरंडेलात बी खाईन."

पोरगी शाळंत गेली, पर तिथं आनखी एक रीत. छोट्या सुट्टीत पोरी गोल बसत्यात आन आपल्या डब्यातलं थोडं थोडं दुसरीच्या झाकणात टाकत्यात. म्हणून बाईंनी हिला एकटीला वट्ट्यावर बसवली. दोन दिवस बसली, तिसऱ्या दिवशी मला म्हणली, "मला चार इंजिक्शनं दे, पर एकटं बसवू नगंस." मग बाईंच्या हातापाया पडून ठरवलं, हिनं द्यायचं, घ्यायचं कुणाचंच न्हाई. मी घेवड्याला लसूण आन कोथमीर घालून करडीच्या तेलात परतलं. पोरींना असं आवडलं की समदा डबा त्यांच्या झाकणात गेला आन हिनं सवता घेवड्याचा एक दाणा खाल्ला न्हाई. घरी आली ती पांढरीफटक, हात कापत हुतं. साखर तोंडात टाकली, मांडीवर घिऊन बसली. डोळं उघडल्यावर पयलं म्हणती काय, "आई, उद्या जास्त दे, समद्यांना पुरलं न्हाई."

आता दोन डबं देती. बारका तिचा, मोठा वाटायचा. आधी बारका सपवायचा, मग मोठा उघडायचा.

तरी माजा जीव ऱ्हाईना. रोज सुट्टीच्या टायमाला गिरणीत जाती म्हणून सांगायची आन शाळंच्या भिंतीआड हुबी ऱ्हायची. ती बारका डबा सपवती का बघायची. सासूबाई म्हणायच्या, "एवढं पीठ खातंय कोण?" परवा गेली तर भिंतीआड त्याच आधी हुब्या, टाचा उचलून. मला बघून म्हणल्या, "मी शेण गोळा कराय आली." हातात पाटी बी न्हाई.

काल पोरगी म्हणली, "आई, तू आन आजी दोघी बी भिंतीवरनं दिसताय. पोरी हसत्यात. उद्यापासनं येऊ नगा. मी खाती."

म्हणून आज आमी दोघी घरात हाय. सासूबाई निवडलेलं तांदूळ तिसऱ्यांदा निवडत्यात. मी पोरीच्या वहीचा मागचा कागद फाडून सकाळधरनं लिवतीया. शाळंची घंटा आमच्या दारात ऐकू येती.

हे कुठं धाडायचं न्हाई, मला ठावं हाय. आन रागावू नगंस, पर तुजी आठवण आली म्हणून बी लिवाय बसली न्हाई. हात रिकामं ऱ्हायलं की पाय शाळंकडं जात्यात. छोट्या सुट्टीची घंटा मगाशी झाली. परत वर्गात बसायची अजून झाली न्हाई, आन कागद तर सपत आला.