वहिनीचा तिसऱ्यांदा आत घ्यायला आलेला ब्लाउज

मुरबाड, गुरुवार, संध्याकाळ

आज वहिनीचा ब्लाउज तिसऱ्यांदा आत घ्यायला आला. तिच्या भाचीच्या हळदीला घालायचाय. टेप लावताना तिचं काळीज माझ्या बोटांखाली धडधडत होतं, आणि बाई नुसती उभी होती.

विचारलं तर म्हणते, "गो, कल्याणच्या बाईनं बारीक व्हायच्या गोळ्या दिल्यात. झाडपाल्याच्या हायत, काय होत नाय." डबीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही. आणि बीपीची गोळी? ती महिनाभर बंद. दोन औषधं एकत्र नकोत म्हणून हिनं डॉक्टरांचीच सोडली.

डोकंच फिरलं माझं. मशीन तशीच सोडून तिला दवाखान्यात नेलं. बीपी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा चढलेलंच. डॉक्टर म्हणाले, असल्या गोळ्यांत बीपी वाढवणारं, हृदयावर ताण आणणारं काहीही मिसळलेलं असू शकतं. त्या बंद, बीपीची आजपासून चालू. वहिनी विचारते काय, तर हळदीपर्यंत त्या बारीक व्हायच्या घेतल्या तर चालतील का.

त्या कल्याणवालीला गाठून चार शब्द सुनावायचेत. सुनावणारच. पण आधीच्या दोन वेळा ब्लाउज आत घेताना, "वहिनी, कशी छान बारीक झालीस गो," असं कोण म्हणालं होतं? मीच ना.